पूर ओसरल्यावर घरातला गाळ काढायला जाताना: नव्या स्वयंसेवकांसाठी

पूर ओसरल्यावरचं सगळ्यात मोठं काम म्हणजे गाळ काढणं. त्यात नाव होत नाही, फोटोही चांगले येत नाहीत, पण घर पुन्हा उभं राहण्याची सुरुवात तिथूनच होते. दहा बाय बारा फुटांच्या एका खोलीत अर्धा फूट गाळ साचला असेल, तर तो सुमारे ६० घनफूट भरतो. ओल्या गाळाचं वजन धरलं तर हे अडीच ते तीन टन झालं. एका घमेल्यात झेपेल इतका, म्हणजे बाराएक किलो गाळ घेतला, तर एका खोलीच्या दोनशे ते अडीचशे खेपा होतात. पाच-सहा जणांच्या चमूला एक घर पुरं करायला बहुतेक वेळा अख्खा दिवस लागतो, कधी दोन. हा हिशेब डोक्यात असला की ‘आज चार घरं उरकू’ असं कुणाला सांगून बसत नाही.

निघण्यापूर्वी

एकटं उठून जाऊ नका. आधीपासून तिथे काम करणाऱ्या संस्थेत किंवा स्थानिक प्रशासनाच्या मदत केंद्रात नाव नोंदवा आणि ते बोलावतील तेव्हाच निघा. १९९५च्या कोबे भूकंपानंतर जपानमध्ये दहा लाखांहून जास्त स्वयंसेवक मदतीला धावले, पण त्यांना कामं वाटून देणारी पुरेशी व्यवस्था नव्हती. त्यातून धडा घेऊन तिथे आपत्तीनंतर स्वयंसेवक केंद्र उघडण्याची पद्धत रुजली. रहिवासी आपली गरज तिथे नोंदवतात, केंद्र त्या घराला चमू नेमून देतं आणि संध्याकाळी चमू परत येऊन काय झालं, काय उरलं ते सांगतो. तुम्ही जाल तिथे इतकी शिस्त नसेलही. निदान कोणत्या घरी जायचं आहे, तिथे कुणाशी बोलायचं आहे आणि तुम्ही तिथे आहात हे कुणाला माहीत आहे, एवढी तीन उत्तरं खिशात हवीत.

अंगात ताप असेल, जुलाब होत असतील, तर जाऊच नका. २०१०च्या भूकंपानंतर हैतीत कॉलऱ्याची मोठी साथ पसरली आणि तो जंतू तिथे पोचला बाहेरून आलेल्या शांतिसैनिकांच्या तळावरून. मदतीला येणारे रोगही घेऊन येऊ शकतात.

धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं उलटली असतील तर निघण्याआधी घ्या. पुराच्या पाण्यातून आणि गाळातून लेप्टोस्पायरोसिसही होतो. उंदीर आणि गुरांच्या लघवीतले जंतू पायावरच्या बारीकशा चिरेतूनही शरीरात शिरतात. प्रतिबंधक म्हणून डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात, पण त्या सगळ्यांना चालत नाहीत. गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना तर नाहीच. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि तिथे गेल्यावर इतरांना वाटू तर मुळीच नका.

सोबत न्यायचं ते असं: जाड तळव्याचे गमबूट, रबरी हातमोजे आणि त्यावर घालायला जाड कापडी किंवा चामडी मोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, चष्मा किंवा गॉगल, एन-९५ मास्क, हेडलॅम्प, साबण, प्रथमोपचाराची पेटी, स्वतःचं पिण्याचं पाणी आणि टिकाऊ खाणं. प्यायला आणि हात धुवायला मिळून माणशी ५-६ लिटर पाणी धरा, ऊन असेल तर जास्त. नव्या माणसाची सगळ्यात मोठी चूक चपला किंवा कापडी बूट घालून येण्याची. गाळात खिळे असतात, काचा असतात, पत्र्याचे तुकडे असतात आणि वरून त्यातलं काहीच दिसत नाही. चमूसाठी दोन फावडी, दोन खोरी, चार-पाच घमेली, दोन बादल्या, खराटे, रबरी वायपर, एक पहार आणि रिकाम्या गोण्या हव्यात. चपट्या तोंडाचं फावडं मागा. टोकदार फावड्याने फरशीवरचा गाळ नीट निघत नाही आणि फरशीला ओरखडे पडतात ते वेगळंच.

जिथे जाताय तिथल्या लोकांच्या पाण्यावर, जेवणावर आणि झोपायच्या जागेवर भार पडणार नाही, हे आधी बघा. राहण्याची सोय नसेल तर दिवसाची खेप करा.

उंबरठ्याबाहेर दहा मिनिटं

आत जाण्याची घाई करू नका. घराभोवती एक फेरी मारा, हातात काठी घ्या आणि पाऊल टाकण्याआधी ती टोचून बघा. पुराच्या पाण्याने गटारांची आणि सेप्टिक टँकची झाकणं वाहून जातात, वर गाळाचा सपाट थर बसतो आणि खड्डा आहे की जमीन हे कळत नाही.

भिंतींकडे बघा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली नवी भेग, फुगून बाहेर आलेली भिंत, जोत्याखालची माती वाहून गेल्याने तयार झालेली पोकळी, एका बाजूला कललेलं छप्पर, यातलं काहीही दिसलं तर आत जायचं नाही. मातीच्या भिंती पाण्यात असताना उभ्या असतात आणि पाणी उतरल्यावर, कधी एक-दोन दिवसांनी, बसतात. ‘काल तर ठीक होती’ हा भरवसा इथे चालत नाही. तळघरात पाणी साचलं असेल तर ते एकदम उपसू नका. बाहेरची जमीन पाण्याने फुगलेली असते, आतलं पाणी अचानक गेलं की बाहेरच्या दाबाने भिंत आत येते. बाहेरचं पाणी उतरल्यावर रोज साधारण एक-तृतीयांश उपसा करावा.

वीज: मेन स्विच बंद आहे हे घरच्यांकडून किंवा वायरमनकडून खात्री करून घ्या. स्वतः पाण्यात उभं राहून त्याला हात लावू नका. मीटर किंवा बोर्ड पाण्याखाली गेला असेल, तर जाणकाराने तपासेपर्यंत वीज सुरू करायची नाही, वरच्या मजल्यापुरतीही नाही. इन्व्हर्टर आणि सोलर पॅनल मेन बंद असतानाही वीज देतात, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. जनरेटर वापरणार असाल तर तो घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून किमान सहा मीटर लांब ठेवा. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पाऊस येतोय म्हणून जनरेटर पडवीत ओढणं हे दर वेळी घडतं आणि त्यात माणसं दगावतात.

गॅसचा वास आला तर बटण, काडी, मोबाइल, काही नाही. सगळ्यांनी बाहेर पडायचं. वाहत आलेला सिलिंडर सापडला तर त्याचा व्हॉल्व्ह फिरवू नका, उभाच मोकळ्या जागी ठेवा आणि खबर द्या.

आधी नोंद, मग फावडं

गाळ उपसण्याआधी घरच्यांना दोन प्रश्न विचारा: नुकसानीची पाहणी झाली का, आणि फोटो काढलेत का? भरपाई असो की विमा, पुरावा मागतातच, आणि उत्साही स्वयंसेवकांनी तासाभरात तो पुरावा रस्त्यावरच्या ढिगात टाकला की घरच्यांकडे दाखवायला काही उरत नाही. पाहणी झाली नसेल तर प्रत्येक खोलीचे चारही कोपऱ्यांतून फोटो, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेला मोजपट्टी लावून एक फोटो, आणि फ्रिज, पंप, शिलाई मशीन अशा वस्तूंवरच्या कंपनीच्या पट्टीचा जवळून फोटो काढावा. हे सगळं घरच्यांच्या फोनवर, तुमच्या नव्हे. फोन पुरात गेला असेल तर त्यांना विचारून काढा, त्यांनी सांगितलेल्या नंबरावर पाठवा आणि नंतर तुमच्याकडचे पुसून टाका. सोबत कागदावर यादी करा: वस्तू, संख्या, साधारण केव्हा घेतलेली.

गाळ उपसणं

गाळ ओला असतानाच काढायचा. वाळला की तो भिंतीला आणि फरशीच्या सांध्यांना घट्ट चिकटतो, मग पहार लागते आणि धूळ उडते ती छातीत जाते. वाळायला लागलाच असेल तर काम सुरू करण्याआधी त्यावर पाणी शिंपडा.

पहिलं काम मोरीचं. मोरीची आणि न्हाणीघराची भोकं चिंध्यांचे बोळे कोंबून बंद करा. हे विसरलं की गाळ पाण्याबरोबर पाइपात उतरतो, तिथे बसतो आणि घर साफ झाल्यावर महिनाभर सांडपाणी तुंबत राहतं. बोळे किती कोंबले ते मोजून ठेवा. शेवटी तितकेच बाहेर यायला हवेत.

मग दारापासून आत वाट काढा. सगळ्या खोल्यांत एकदम हात घालू नका. दारातून मागच्या खोलीपर्यंत दोन घमेली एकमेकांना ओलांडून जातील एवढी रुंद वाट आधी मोकळी करा. मग सामान बाहेर काढा आणि नंतर सगळ्यात आतल्या खोलीपासून दाराकडे उपसत या. पुढची खोली आधी धुऊन घेतली तर मागचा सगळा गाळ तिच्यावरूनच जाणार.

सहा जण असतील तर आत दोघं फावड्यावर, दोघं वाहायला, एक बाहेर ढिगाकडे आणि एक घरच्यांसोबत सामान बघायला. दर अर्ध्या-पाऊण तासाने जागा बदला आणि दहा-पंधरा मिनिटं बसा, पाणी प्या. घमेलं काठोकाठ भरणाऱ्याला पहिल्याच तासात टोका. अर्धं भरलेलं घमेलं दिवसभर चालतं, भरलेलं दुपारपर्यंत कंबर धरायला लावतं. उचलताना गुडघ्यात वाका, आणि फावडं किंवा घमेलं धरून कमरेत पीळ देण्यापेक्षा पायाने वळा.

कोपऱ्यात, कपाटाखाली, गुंडाळलेल्या चटईत हात घालू नका, आधी काठी. साप, विंचू आसरा शोधत घरात शिरलेले असतात. साप चावलाच तर चिरा मारणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काहीही करायचं नाही. अंगठ्या-बांगड्या काढा, तो अवयव हलू देऊ नका आणि लगेच दवाखाना गाठा.

फ्रिज उघडू नका. आतलं सडलेलं असतं आणि तो वास एकदा घरात पसरला की दिवसभर तिथे काम होत नाही. दार दोरीने बांधा आणि आहे तसा बाहेर न्या. गादी पाणी पिऊन बसलेली असते, तिला चौघं लागतात किंवा ती कापून तुकड्यांनी काढावी लागते.

बाहेर टाकताना ढीग वेगळे करा: गाळ, लाकूड आणि फर्निचर, विजेच्या वस्तू, आणि घातक माल, म्हणजे कीटकनाशकं, रंग, अ‍ॅसिड, बॅटऱ्या. एकदा मिसळलेला ढीग पुढे कुणीच वेगळा करत नाही आणि गाडीवाले तो उचलायला तयार नसतात. गटारात, विजेच्या खांबाच्या बुंध्याशी किंवा रस्त्याच्या मध्यावर काही टाकू नका. गटारात ढकललेला गाळ पुढच्या पावसात त्याच घरात परत येतो. सिमेंटचे जुने पत्रे फुटलेले असतील तर त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ते तोडू नका, ओले करा आणि अखंड उचला.

काय टाकायचं हे तुम्ही ठरवत नाही

तुम्हाला जो कचरा दिसतो तो कुणाचा तरी संसार आहे. एकही वस्तू विचारल्याशिवाय ढिगावर जाऊ नये. दारात एक जागा ठरवा, तिथे सामान ठेवा आणि घरातल्या माणसाने ‘ठेवा’, ‘टाका’ किंवा ‘नंतर बघू’ म्हणावं. तिसरा पर्याय आवर्जून द्या. पहिल्या दिवशी माणूस थकून ‘टाका सगळं’ म्हणतो आणि आठवड्याने हळहळतो. फोटो, पत्रं, देवघरातल्या वस्तू, मुलांची बक्षिसं यांसाठी एक वेगळी बादली किंवा टोपली ठेवा, आणि दागिने, पैसे, कागदपत्रं सापडली की जिथे सापडली तिथूनच हाक मारा. नंतर देतो म्हणून खिशात काही ठेवायचं नाही, पाच मिनिटांसाठीही नाही.

भिजलेले कागद ओढून सुटे करू नका. गाळ लागला असेल तर ताटात स्वच्छ पाणी घेऊन त्यात हलकेच बुचकळा, खालून कोऱ्या कागदाचा आधार देऊन उचला आणि सावलीत, वाऱ्यावर, कोऱ्या कागदांच्या मध्ये वाळवा. हे टिपकागद ओले झाले की बदलत राहा. भिजलेले कागद उन्हात टाकले तर आखडतात. एकमेकांना चिकटलेले फोटो ओले असतानाच पाण्यात सोडवायचे, वाळल्यावर ते सुटत नाहीत. सगळं एका दिवसात होणार नसेल तर कागद आणि फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून, कुठे चालू फ्रीझर मिळाला तर त्यात ठेवा. ४८ तासांच्या आत बुरशी धरू लागते, ती तेवढ्यापुरती थांबते.

धुणं आणि जंतुनाशक

गाळावरच ब्लीचिंग पावडर भुरभुरवणं ही जागोजागी दिसणारी चूक. वास येतो, मनाचं समाधान होतं, पण क्लोरीन त्या चिखलातल्या सेंद्रिय मातीशीच संपून जातो आणि जंतू राहतात. क्रम असा: गाळ खरवडून काढा, पाण्याने धुवा, साबणाच्या पाण्याने घासा, पुन्हा धुवा, आणि मगच जंतुनाशक. भिंती वरून खाली, पाण्याच्या रेषेच्या फूटभर वरपासून. फरशी शेवटी.

ताज्या ब्लीचिंग पावडरमध्ये ३० ते ३५ टक्के क्लोरीन असतो. फरशी, मोरी, संडास यांसाठी १० लिटरच्या प्लॅस्टिकच्या बादलीत १५० ग्रॅम पावडर घ्या, म्हणजे साधारण अर्धा टक्क्याचं द्रावण होतं. आधी थोड्या पाण्यात लगदा करा, मग बादली भरा, लाकडी काठीने ढवळा, अर्धा तास झाकून ठेवा आणि वरची निवळी वापरा. तळाचा चुना वापरायचा नाही. पृष्ठभाग दहा मिनिटं ओला राहू द्या, नंतर धुवा, धातूवर तर नक्कीच धुवा, नाहीतर गंज चढतो. स्वयंपाकाच्या भांड्यांना याचा दहावा भाग पुरतो: १० लिटरला १५ ग्रॅम, तेही घासून धुतल्यावर, आणि शेवटी पिण्याच्या पाण्याने खळबळून. द्रावण रोज नवं करा, उन्हात ठेवलं तर काही तासांतच त्याचा जोर जातो. संडास साफ करण्याच्या अ‍ॅसिडमध्ये किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये ब्लीचिंग कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. खिडक्या उघड्या, हातमोजे आणि गॉगल चढवलेले.

विहिरीत पावडर टाकण्याचं काम आरोग्य कर्मचाऱ्यांबरोबरच करा. स्वच्छ पाण्याला हजार लिटरमागे अडीच ग्रॅम हे नेहमीचं माप आहे, पण पुराचं गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं. आधी उपसा, मग मात्रा, आणि तासाभराने तपासणीत लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसला तरच पाणी वापरायचं.

धुऊन झालं की दारं-खिडक्या उघडी ठेवा आणि कपाटं भिंतीपासून वीतभर लांब. ‘रंग केव्हा द्यायचा’ हे घरचे विचारतीलच. विटांची भिंत ढोबळमानाने महिन्याला इंचभर सुकते, म्हणजे नऊ इंची भिंतीला काही महिने लागतात. ओल्या भिंतीवर दिलेला रंग पोपडे धरतो, पैसे वाया जातात. गवंडीकाम, सुतारकाम, रंगकाम फुकट करून देण्याच्या फंदात मात्र पडू नका. तिथल्या कारागिरांचाही रोजगार पुरात गेलेला असतो, ते काम त्यांच्या हाती जाऊ द्या.

बोलताना

जागतिक आरोग्य संघटनेने २०११मध्ये मानसिक प्रथमोपचाराची जी पुस्तिका काढली, तिचं सूत्र तीन शब्दांचं आहे: बघा, ऐका, जोडून द्या. म्हणजे कुणाला तातडीची गरज आहे ते बघा, बोलायचं असेल त्याचं ऐका, आणि जिथे खरी मदत मिळेल तिथे पोचवा. काय झालं, कसं झालं हे खोदून विचारू नका. ‘जीव वाचला हे काय कमी आहे’, ‘देवाच्या मनात असेल ते’, ‘तिकडे तर याहून वाईट आहे’ ही वाक्यं सांत्वनाची वाटतात, पण ऐकणाऱ्याला ती गप्प करतात. ‘हे कुठे ठेवू?’ हा प्रश्न पुष्कळदा पुरतो. कधी घरची बाई काम थांबवून ओल्या भिंतीकडे बघत बसेल, तेव्हा फावडी खाली ठेवा, तिची वेळ होईपर्यंत थांबा.

जमणार नाही असं आश्वासन देऊ नका. भरपाई कधी मिळेल, छप्पर कोण घालून देईल याची उत्तरं तुमच्याकडे नाहीत, तेव्हा ‘ते मला माहीत नाही, विचारून सांगणाऱ्याचा नंबर देतो’ एवढंच. माणसांचे, विशेषतः मुलांचे फोटो काढून सोशल मीडियावर टाकत सुटू नका. चमूतल्या कुणीही एकट्याने मुलांना सोबत घेऊन कुठे जायचं नाही, मग हेतू कितीही चांगला असो.

कपडे आणि किरकोळ सामान गोळा करून नेण्याचा मोह होतोच. तिथून यादी आल्याशिवाय काही नेऊ नका. न मागितलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग वेगळे करायला तिथलीच माणसं अडकतात.

निघताना

बोळे काढा आणि मोरीत एक बादली ओतून पाणी जातंय का बघा. अवजारं धुवा, जंतुनाशकात बुडवा आणि मोजा. घरच्यांना एका कागदावर लिहून द्या: आज कोणत्या खोल्या झाल्या, काय उरलं, कोणती भिंत संशयास्पद आहे, ‘नंतर बघू’चं सामान कुठे ठेवलंय. तोच मजकूर केंद्रावर द्या, पुढच्या चमूला शून्यापासून विचारावं लागणार नाही. पहिल्या पंधरवड्यानंतर गर्दी ओसरते आणि अर्ज भरणं, कागदपत्रांच्या प्रती काढणं, राहिलेला राडारोडा हलवणं ही कामं तशीच पडून असतात. पुन्हा येणं जमणार असेल तर केंद्रावर तुमचं नाव त्या तारखांना लिहून ठेवा.

घरी पोचल्यावर बूट आणि कपडे बाहेरच काढा, गरम पाण्याने अंघोळ करा, जखमा साबणाने धुवा. पुढचा महिनाभर ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल होणं यातलं काही झालं तर अंगावर काढू नका. लेप्टोस्पायरोसिस बहुतेकदा पाच ते चौदा दिवसांत वर येतो, कधी महिन्यानेही. डॉक्टरांपुढे बसल्यावर पहिलं वाक्य हे असू द्या: ‘मी पुराच्या गाळात काम करून आलोय.’